पाहण्याची नीती : मराठी चित्रपटाच्या शैलीविषयी काही विचार

१

कलाकृतीतील नीती कोठे शोधावयाची, हा प्रश्न आपल्या समीक्षेला नवा नाही. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या वादाच्या निमित्ताने ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या पिढीने तो पुष्कळ घुसळला. परंतु त्या वादातील दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न तपासताच गृहीत धरली होती, असे आज म्हणावेसे वाटते. नीती ही आशयात असते आणि शैली ही त्या आशयाची वेषभूषा असते, हे ते गृहीत होय. एका पक्षाला तो नैतिक आशय हवा होता, दुसऱ्याला त्याची अडचण वाटत होती. पण त्याचे वसतिस्थान कोठे आहे, याविषयी दोघांचे एकमत होते.

चित्रपटाच्या बाबतीत हे गृहीत विशेष घातक ठरले आहे. चित्रपटाविषयी लिहिताना आपण बहुधा कथानक सांगतो, कथानकाचे तात्पर्य सांगतो, आणि तात्पर्य चांगले असल्यास चित्रपटही चांगला असल्याचा निर्वाळा देतो. छायाचित्रण, संकलन, ध्वनी यांचा उल्लेख झालाच तर शेवटच्या परिच्छेदात, 'तांत्रिक बाजू' या सदराखाली होतो. विद्यार्थ्यांना एखादा चित्रपट दाखविला की 'यातून आपण काय शिकलो?' असा प्रश्न विचारला जातो. 'हे आपल्याला कसे दाखविले गेले?' हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखाचा हेतू या दुसऱ्या प्रश्नाकडे लक्ष वेधणे हा आहे. दिग्दर्शकाचा नीतिविचार त्याच्या शैलीत उतरतो, आणि पुष्कळदा कथानकापेक्षा शैलीतच तो अधिक प्रामाणिकपणे उतरतो, असे माझे प्रतिपादन आहे.

कादंबरीकाराला 'गावात एक म्हातारी होती' असे लिहिता येते. ती म्हातारी त्याने किती अंतरावरून पाहिली, वरून पाहिली की समोरून, किती वेळ पाहिली, हे त्याला सांगावे लागत नाही. दिग्दर्शकाला ही मोकळीक नाही. म्हातारी पडद्यावर यावयाची तर कॅमेरा कोठे तरी उभा करावाच लागतो. तिच्याकडे पाहणे कधी तरी सुरू करून कधी तरी थांबवावे लागते. तिच्या भोवतीचा कोणता आवाज ऐकू द्यावयाचा आणि कोणता नाही, हे ठरवावे लागते. दुसऱ्या माणसाच्या किती जवळ जावे, त्याच्या दुःखाकडे किती वेळ पाहावे, त्याच्या वतीने किती बोलावे, हे आपल्या नित्याच्या आचरणातीलही प्रश्न आहेत. चित्रपटात त्यांची उत्तरे प्रत्येक दृश्यागणिक द्यावी लागतात, एवढाच फरक.

लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त (१९१५) पाश्चात्त्य सुखवाद्यांचा परामर्श घेताना असा निर्णय दिला आहे की, कर्माची नैतिक योग्यता केवळ त्याच्या बाह्य परिणामावरून ठरत नाही. कर्त्याची बुद्धी पाहावी लागते. व्यवहारात या कसोटीची एक अडचण आहे. दुसऱ्याची बुद्धी आपणास दिसत नाही, ती अनुमानानेच जाणावी लागते. चित्रपटात मात्र ही अडचण बरीचशी दूर होते. दिग्दर्शक मुलाखतीत काय सांगतो ते बाजूला ठेवले, तरी ज्या माणसांची कथा तो सांगत आहे त्यांच्याकडे तो कोणत्या बुद्धीने पाहतो, हे पडद्यावर उमटल्यावाचून राहत नाही.

युरोपातही हा विचार अशाच वाटेने पुढे आला. 'कापो' या चित्रपटात छळछावणीतील एक स्त्री विजेच्या तारेवर झेपावून प्राण देते. त्या क्षणी कॅमेरा पुढे सरकतो आणि तिचा हात चौकटीत नीटनेटका, देखणा बसवून घेतो. १९६१ साली जाक रिव्हेत या फ्रेंच समीक्षकाने त्या एका हालचालीसाठी दिग्दर्शकाला धारेवर धरले. कथानकात कोणतेही वैगुण्य त्याने काढले नाही. छळछावणीचा निषेध करणाऱ्या कथेला कोण नावे ठेवील? त्याचा आक्षेप असा होता की, मरणाऱ्या स्त्रीच्या हाताची मांडणी सुंदर करण्याचा विचार ज्याला सुचतो, त्याचे त्या स्त्रीशी असलेले नाते शुद्ध नाही. या आक्षेपातील कठोरपणा ज्याला मान्य नसेल, त्यालाही त्यातील मुद्दा डावलता येणार नाही.

२

मराठी चित्रपटाने हा धडा परदेशातून घेतला नाही. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनी प्रभातसाठी दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' (१९३६) याची साक्ष देईल. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरविला गेला, हे सर्वांना ठाऊक आहे. कशामुळे गौरविला गेला, याचा विचार आपण कमी केला आहे.

चित्रपटाच्या प्रारंभीच तुकाराम तल्लीन होऊन गातो, आणि लगेच तेच गीत सालोमालो देवळात आपले म्हणून गाताना दिसतो. चोरी झाली आहे हे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही. ते कानाला कळते. शब्द जवळजवळ तेच, पण सालोमालोच्या गाण्यात स्वतःला दाखविण्याची हौस आहे, आणि विष्णुपंत पागनीसांच्या गाण्यात गाणारा जणू मागे सरून उभा आहे. आशय समान असूनही म्हणण्याच्या रीतीने एक खरा आणि दुसरा खोटा ठरतो. नीती शैलीत असते, हा सिद्धांत या चित्रपटाने आपल्या पहिल्याच काही मिनिटांत असा प्रत्यक्ष मांडला आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट जिजाईची. संतचरित्रातील कर्कश पत्नीचे पात्र हास्यासाठी वापरण्याची परंपरा जुनी आहे. गौरी या नटीने साकारलेल्या जिजाईलाही आपण हसतो. पण दिग्दर्शक तिच्याकडे कधी वरून पाहत नाहीत. तिचे घर, तिची म्हैस, तिची उपाशी मुले यांना तुकारामाच्या भजनाइतकीच जागा आणि तितकाच वेळ मिळतो. मुलगा आजारी पडल्यावर ती पायातील वहाण हाती घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात घुसते. तेथे कॅमेरा देवाच्या बाजूने तिच्याकडे रागाने पाहत नाही, की भाबडी म्हणून तिची कीवही करीत नाही. तिचे भांडण हीसुद्धा भक्तीची एक बोली आहे, असे मानणारी ती नजर आहे. चमत्कारही याच साध्या, सरळ रीतीने दाखविले आहेत; संसार आणि चमत्कार यांसाठी दोन वेगळ्या शैली वापरलेल्या नाहीत. वारकरी नीतीत लहानथोर हा भेद नाही, हे वाक्य चित्रपटात कोणी उच्चारले असते तर ते कीर्तनापुरते राहिले असते. येथे ते दृश्यांच्या समान वाटपातून आचरणात आले आहे. शेवटी तुकाराम वैकुंठाला जातो आणि जिजाई येथे, पृथ्वीवर, मागे राहते. संताच्या मोक्षाची किंमत कोणी चुकती केली, याचा विसर चित्रपटाने पडू दिलेला नाही.

३

व्ही. शांताराम यांचा 'कुंकू' (१९३७) वेगळ्या नीतीतून घडला आहे. ती सुधारकाची, विवेकवाद्याची नीती होय. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात नीरा फसवणुकीने वृद्ध काकासाहेबांच्या गळ्यात बांधली जाते, आणि तो विवाह विवाह म्हणून मान्य करण्यास नकार देते. हे तर कथानक झाले. शैलीतील निर्णय असा की, शांतारामांनी या चित्रपटाला पार्श्वसंगीत दिले नाही. जे ऐकू येते ते त्या घरातलेच किंवा रस्त्यावरचे असते. आणि भिंतीवरचे घड्याळ आपली टिकटिक सोडीत नाही.

पार्श्वसंगीत हे प्रेक्षकाच्या भावनेला लावलेले बोट असते: येथे रडा, येथे भ्या. ते काढून घेणे म्हणजे प्रेक्षकाला स्वतः न्याय करण्यास मोकळे सोडणे होय. ज्या स्त्रीवर सर्वांनी आपला निर्णय लादला, तिच्या कथेत प्रेक्षकावर भावना लादावयाची नाही, ही सुसंगती केवळ तांत्रिक म्हणता येणार नाही. शांता आपट्यांची नीरा दयेची याचना करीत नाही, आणि चित्रपटही तिच्यासाठी याचना करीत नाही.

आता एक उणीवही सांगितली पाहिजे. कथेचा शेवट काकासाहेबांच्या आत्मघातात होतो. वृद्ध पतीला पश्चात्ताप होऊन तो बाजूला झाला, म्हणून नीरेचा प्रश्न सुटला. तो पश्चात्तापाला उभाच राहिला नसता तर? सुधारणेचे कार्य ज्याच्यावर सोपवावयाचे त्याच्याच मृत्यूवर ते उरकणे, ही पळवाट आहे. येथे शैलीची नीती कथेच्या नीतीपेक्षा अधिक धीट ठरली आहे. या दोहोंतील अंतर मोजता येणे, हाच आपल्या कसोटीचा उपयोग.

हेच शांताराम वीस वर्षांनी 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) घेऊन आले. ग. दि. माडगूळकरांच्या या कथेला औंध संस्थानातील मुक्त कारागृहाच्या प्रयोगाचा आधार होता. माणसावर विश्वास टाकला तर खुनीही माणूस होतो, ही तिची निष्ठा. विचार उदात्त आहे. परंतु त्याचे चित्ररूप पाहू लागले की एक शंका मनात येते. अधीक्षकाचे डोळे कैद्यांना सतत पाहत आहेत, त्या डोळ्यांची आठवण त्यांना पळून जाऊ देत नाही. विश्वासाचे हे प्रतीक की पाळतीचे? 'कुंकू'मध्ये प्रेक्षकाला मोकळे सोडणारा दिग्दर्शक येथे प्रतीकामागून प्रतीक देऊन त्याला हाताला धरून नेतो. नीतीविषयीची खात्री जसजशी वाढत जाते, तसतशी शैली अधिक मोठ्याने बोलू लागते, असा अनुभव अनेक श्रेष्ठ दिग्दर्शकांच्या उत्तरायुष्यात येतो. बर्लिनच्या महोत्सवातील सन्मानाने या शंकेचे उत्तर मिळत नाही.

४

अलीकडच्या काळातील दोन चित्रपट या चर्चेत अपरिहार्य आहेत. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) नारायण कांबळे या लोकशाहिरावर खटला चालतो: त्याचे गाणे ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. कांबळ्यांची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली होती. २०२१ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे जीवन चळवळीत गेले, आणि तो अनुभव त्यांच्या चेहऱ्यावर होता. त्यासाठी अभिनयाची वेगळी सामग्री त्यांना लागली नाही.

असा विषय हाती आल्यावर संतापाचा चित्रपट काढणे सोपे होते. ताम्हाण्यांनी कॅमेरा दूर आणि स्थिर ठेवला. न्यायालयातील कंटाळा कंटाळ्याच्याच गतीने घडतो. सरकारी वकीलबाईंच्या मागे आपण त्यांच्या घरी जातो. त्या स्वयंपाक करतात, कुटुंबासह नाटकाला जातात. त्या दुष्ट नाहीत, आणि हीच खरी भीतीची गोष्ट आहे. अन्याय करण्यासाठी दुष्ट माणसांची आवश्यकता नसते. नेमून दिलेले काम नेमल्याप्रमाणे करणारी साधी माणसे पुरतात. जवळून घेतलेल्या चेहऱ्यांनी हे कळले नसते, कारण जवळ गेले की आपण एका व्यक्तीला दोषी धरून मोकळे होतो. दूर उभा असलेला कॅमेरा सबंध व्यवस्था एका चौकटीत धरतो. शेवटी न्यायालयाला सुटी लागते, दिवे मालवले जातात, आणि तरीही आपण त्या अंधाऱ्या खोलीत क्षणभर बसून राहतो. कांबळ्यांसाठी तो अंधार सुटीबरोबर संपणारा नाही, हे सांगायला संवादाची गरज पडलेली नाही.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) याच्या नेमका उलट दिशेने त्याच ठिकाणी पोहोचतो. कैकाडी कुटुंबातील जब्याला डुक्कर पकडण्याच्या कामात वडिलांबरोबर उतरावे लागते. गाव बघे होऊन मजा पाहत बसते, आणि ज्या शालूसाठी तो झुरतो तीही त्या बघ्यांत आहे. येथे कॅमेरा तटस्थ राहत नाही. पाहिले जाणे म्हणजे काय, हे तो जब्याच्या बाजूने दाखवितो. पाठलाग ऐन भरात असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि सर्वजण जागच्या जागी उभे राहतात. मारलेले डुक्कर वाहून नेताना मागे आंबेडकर, फुले आणि गाडगेबाबा यांची चित्रे रंगविलेली शाळेची भिंत येते. मंजुळे यावर भाष्य करीत नाहीत. एकाच चौकटीत दोन्ही गोष्टी ठेवतात आणि आपल्यावर सोडतात. शेवटी जब्या दगड उचलतो, आणि तो दगड सरळ पडद्यातून आपल्याकडे येतो. इतका वेळ आपण कोठे बसून हे पाहत होतो, याचे उत्तर तेथे मिळते: आपणही त्या बघ्यांतच होतो. फुले-आंबेडकरांच्या विचारात अन्याय करणाऱ्याइतकाच तो मुकाट्याने पाहणाराही प्रश्नाखाली येतो. तो विचार येथे एका दृश्याचे रूप घेऊन उभा राहिला आहे.

५

पांढुर्णा-सौंसरच्या वाचकाला दगडाचे हे दृश्य पाहून दुसरे काही आठवल्यावाचून राहणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड झेंड्यासह रोवतात, एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्यावर सावरगाव उभे राहते, आणि गोटमार सुरू होते. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. कित्येकांचे प्राणही गेले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रयत्न प्रशासनाने करून पाहिला, तो टिकला नाही. प्रथेचा न्यायनिवाडा करणे हा या लेखाचा विषय नव्हे. मात्र आपल्या विवेचनाची परीक्षा घेण्यास याहून योग्य उदाहरण मिळणार नाही. हा प्रदेश १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला, २०२३ साली त्याचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. पण बाहेरच्या जगाच्या डोळ्यांपुढे तो प्रामुख्याने या एका दिवसाच्या चित्रांतून येतो. तेव्हा ती चित्रे कशी काढली जातात, हा येथील माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे.

कॅमेरा उंच आकाशात नेला, तर दोन काठांवर दोन ठिपक्यांचे थवे दिसतील. दगड कोणाचा आणि डोके कोणाचे, हे कळणार नाही. ती बंदोबस्ताची दृष्टी आहे. तिला आकडे दिसतात, माणूस दिसत नाही. कॅमेरा दगड मारणाऱ्यांच्या गर्दीत शिरविला आणि दृश्ये भराभर जोडली, तर प्रेक्षकाच्या अंगात वीरश्री संचारेल आणि निषेधाचे निवेदन मागून कितीही वाचले तरी ती उतरणार नाही. मोबाइलवर फिरणारी बहुतेक चित्रे या दोन जातींची असतात. तिसरी वाट दामले-फत्तेलालांची: गोटमारीपूर्वीचे आणि नंतरचे घर दाखविणे, दोन्ही काठांवरच्या आयांना सारखाच वेळ देणे. चौथी 'कोर्ट'ची: सर्व पांगल्यावरही पात्रात थांबणे. पाचवी 'फँड्री'ची: कॅमेरा पात्राकडून काठाकडे, पाहणाऱ्यांकडे वळविणे.

या पाचही वाटांनी घटना तीच राहील, तात्पर्यही कदाचित एकच लिहिता येईल. नीती मात्र पाच वेगळ्या होतील. माझ्या मते पहिल्या दोन वाटांनी काढलेले चित्र, ते कितीही सद्हेतूने काढलेले असो, या प्रदेशावर अन्याय करील.

आणि एक बाजू अशी आहे की जिच्यासाठी अद्याप कॅमेऱ्याची जागा निश्चित झालेली नाही. या प्रथेच्या मुळाशी एक दंतकथा सांगतात. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून आणली, नदी ओलांडताना दोन्ही काठांवरून दगड आले, आणि ती दोघे पात्रातच मरण पावली. दंतकथेची ऐतिहासिकता तपासण्याचे येथे कारण नाही. पण तिचा आकार विचार करण्यासारखा आहे. ज्या मुलीवरून दगड पडले, ती खेळात उरली आहे ती जिंकून नेण्याच्या झेंड्याच्या रूपाने. ती स्वतः निघाली होती की नेली जात होती, तिला काय हवे होते, हे दोन्ही काठांनी विचारलेले नाही. मंजुळ्यांच्या 'सैराट'चा (२०१६) शेवट येथे आठवतो. पळून जाऊन संसार थाटलेल्या जोडप्याची हत्या होते. ती आपल्याला दाखविली जात नाही. लहान मूल घरात येते, पाहते, रडत बाहेर पडते, त्याची रक्ताळलेली पावले उमटत जातात, आणि सर्व आवाज थांबलेला असतो. मृत्यूचा देखावा नाकारणे हा तेथील नैतिक निर्णय आहे. 'कापो'मधील त्या सुबक हाताशेजारी ही पावले ठेवून पाहावीत, म्हणजे प्रस्तुत लेखाचे म्हणणे अधिक विस्ताराने सांगावे लागणार नाही.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, यामुळे शैलीचे नियम बनतील. स्थिर कॅमेरा म्हणजे सदाचार आणि सरकता कॅमेरा म्हणजे दुराचार, असे कोष्टक मांडले जाईल. हा धोका खरा आहे. 'कोर्ट' दूर राहून न्याय करतो आणि 'फँड्री' जवळ जाऊन, हे वर पाहिलेच. अंतर स्वतः नीतिमान नसते. कोणासाठी आणि कोणापासून ते राखले आहे, यावर सारे अवलंबून असते. म्हणून कोष्टकाने नव्हे, प्रत्येक कृती स्वतंत्रपणे पाहूनच निर्णय द्यावा लागेल.

दुसरा आक्षेप सौंदर्यवाद्यांचा. बा. सी. मर्ढेकरांनी कलाकृतीचे सौंदर्य तिच्या अंतर्गत संबंधांत, लयतत्त्वांत शोधले. नीतीचे माप तेथे लावणे म्हणजे पुन्हा बाहेरची कसोटी आणणे नव्हे काय? मला तसे वाटत नाही. आपण कलाकृतीबाहेरचा कोणताही उपदेश आत आणलेला नाही. दृश्याची लांबी, ध्वनीची योजना, चौकटीतील स्थान हे तिचे अंतर्गत संबंधच तपासले, आणि त्या संबंधांत माणसाविषयीची एक वृत्ती आधीच वसत असल्याचे आढळले. घाटाचा अभ्यास पुरेसा बारकाईने केला की तो नीतीच्या दाराशी येऊनच थांबतो.

राहता राहिला शिक्षकांचा प्रश्न. पांढुर्णा आणि सौंसरच्या ज्या मुलांच्या हाती आज मोबाइल आहे, ती केवळ प्रेक्षक राहिलेली नाहीत. येत्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांतील कित्येकजण नदीकाठी चित्रे घेत उभे असतील. त्यांना गोटमार चांगली की वाईट, यावर निबंध लिहावयास सांगितले तर ती अपेक्षित उत्तर लिहून मोकळी होतील. त्याऐवजी त्यांनीच घेतलेले एखादे चित्र समोर ठेवून तीन प्रश्न विचारावेत: हे घेताना तू कोठे उभा होतास? कोणाकडे पाहिलेस आणि कोणाकडे पाहिले नाहीस? ज्याचे चित्र घेतलेस, त्याला ते दाखवू शकशील काय? या प्रश्नांची उत्तरे पाठ्यपुस्तकात सापडणार नाहीत. ती ज्याची त्याने शोधावी लागतील. आणि ती शोधू लागलेला विद्यार्थी 'संत तुकाराम' पाहील तेव्हा जिजाईला हसण्यापूर्वी क्षणभर थांबेल, अशी आशा करण्यास हरकत नाही.